पहाट, सौजन्याने

दिवाळीची पहाट पूर्वी आपोआप होत असे. तिला पोलिसांची परवानगी लागत नसे, महापालिकेचा ना-हरकत दाखला लागत नसे, स्वागताध्यक्ष आणि निमंत्रक लागत नसत. नरक चतुर्दशीला लोक काळोखात उठत, उटणे लावून अंघोळी करीत, कारीट फोडीत, आणि तोवर पूर्वेला उजाडलेले असे. एवढी मोठी सार्वजनिक घटना वर्षानुवर्षे कोणाच्याही सौजन्याशिवाय घडत होती आणि तिचे श्रेय घ्यायला कोणी पुढे येत नव्हते, याची आज खंत वाटते. आपल्या शहरांतल्या लोकनेत्यांनी ही बेवारस पहाट ताब्यात घेतली, तिला मांडव घातला, ध्वनिक्षेपक लावले आणि नागरिकांना ती विनामूल्य वाटायला सुरुवात केली. त्याबद्दल त्यांचे आभार आजवर फक्त फलकांनी मानले आहेत, आणि ते फलकही त्यांनी स्वतःच लावलेले असतात. एखाद्या सामान्य श्रोत्यानेही चार शब्द लिहावेत, हे उचितच म्हणायचे.

या प्रथेचा इतिहास फार जुना नाही. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानाने 1980च्या दशकात ‘दिवाळी पहाट’ सुरू केली आणि मग ती कल्पना गावोगाव गेली. त्याही आधी गणेशोत्सवात गिरगावात आणि पुण्याच्या पेठांत रस्त्यावर वर्तमानपत्र अंथरून लोकांनी मोठमोठे गवई फुकट ऐकले होते. तेव्हाची रीत फारच अविकसित होती. एक गाणारा, मागे दोन तानपुरे, तबला, पेटी, समोर सतरंजी. गाणारा गाई आणि ऐकणारे ऐकत. दोघांच्या मध्ये कोणीही उभे राहत नसे. परिणाम असा होई की घरी जाताना लोकांच्या डोक्यात केवळ गाणे राही. ते कोणत्या प्रभागात झाले, त्या प्रभागाचे भाग्यविधाते कोण, हे विचारले तर कोणाला सांगता येत नसे. समाजकारणाच्या दृष्टीने ही केवढी नासाडी! डोंबिवलीत तर तरुण मंडळी गणेशमंदिरात दर्शन घेऊन फडके रस्त्यावर नुसती एकमेकांना भेटत. त्या भेटीगाठींना निमंत्रक नव्हता, म्हणून त्या कित्येक वर्षे निव्वळ आनंदाच्या पातळीवर रखडल्या. पुढे तिथे मंच आले आणि तरुणांना आपण कशासाठी जमतो ते कळले.

आमच्या ठाण्यातही राम मारुती रस्ता आणि तलावपाळी ही दोन ठिकाणे दिवाळीच्या सकाळी अशी काही फुलतात की मुंगीलाही वाट पुसत जावे लागते. ही गर्दी नटूनथटून, हौसेने आणि स्वखुशीने आलेली असते. तिला जातपात विचारावी लागत नाही, तिच्यासाठी गाड्या पाठवाव्या लागत नाहीत, जेवण द्यावे लागत नाही. सभेला माणसे जमवताना ज्या कार्यकर्त्यांच्या नाकीनऊ येतात, त्यांना ही गर्दी पाहून कसे वाटत असेल याचा विचार केला म्हणजे मंचांची संख्या का वाढली हे समजते. आणि ती वाढली हे चांगलेच झाले. पूर्वी एका ठिकाणी उभे राहून एकच गाणे ऐकू येई. आता योग्य जागी उभे राहिले तर डाव्या कानात अभंग, उजव्या कानात लावणी आणि डोक्याच्या मधोमध एका संघटनेची घोषणा असा त्रिवेणी संगम साधता येतो.

विनामूल्य असण्याचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही. तलावपाळीला लागूनच गडकरी रंगायतन उभे आहे. तिकीट काढून आत बसलेली माणसे कशी वागतात ते कधी तरी पाहावे. गप्प बसतात, मोबाइल वाजला तर ओशाळतात, शेजाऱ्याने वेफर्सची पुडी उघडली तर डोळे वटारतात. हा सगळा तिकिटाचा जुलूम आहे. पैसे मोजलेल्या माणसाला ते वसूल करण्यासाठी ऐकणे भाग पडते. फुकट आलेला माणूस खऱ्या अर्थाने मुक्त असतो. तो आलापीच्या मध्यात उठून वडापाव आणू शकतो, तीन रांगा पलीकडच्या मेहुण्याला हाक मारू शकतो, समेवर फोन उचलून आपण नेमके कुठे उभे आहोत ते खांबाच्या खुणेसह सांगू शकतो. संगीत लोकांपर्यंत पोहोचले पाहिजे असे आपण नेहमी म्हणतो. इथे ते पोहोचलेले असते. लोकांनी पुढे त्याचे काय करावे हे सांगण्याचा हट्ट आयोजक धरत नाहीत, एवढेच.

याचा खर्च कोण करते, असा खोचक प्रश्न काही जण विचारतात. उत्तर मंचाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेले असते: सराफ, बिल्डर, शिकवणी वर्ग, मोतीबिंदूचा दवाखाना. रस्ता महापालिकेचा, बंदोबस्त पोलिसांचा, झाडलोट पुन्हा महापालिकेची, आणि कान आपले. मग आयोजकांनी स्वतःचे काय घातले? नाव. आणि माणसाजवळ नावाहून मोठे काय असते?

त्या नावाकडे आता वळू, कारण ते टाळून कुठेही वळता येत नाही. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा कायदा 1995 सालचा आहे आणि बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने सरकारची आणि महापालिकांची वेळोवेळी कानउघाडणी केली आहे. तरीही दिवाळीच्या आठ दिवस आधी चौकाचौकांत फलक चढतात, यातून कलेवरची निष्ठा किती खोल आहे ते दिसते. फलकाची रचनाही विचारपूर्वक केलेली असते. सर्वांत वर दिवंगत नेते, खाली हयात नेते, त्यांच्या खाली स्थानिक नेते हात जोडून, मग दोन रांगा होतकरू कार्यकर्ते काळा चष्मा लावून, आणि तळाशी, पणतीच्या चित्राशेजारी, गायिकेचा पासपोर्ट आकाराचा फोटो. काहींना हे प्रमाण चुकीचे वाटते. पण गायिका सकाळी येऊन दुपारी निघून जाणार. नेत्यांना पाच वर्षे आपल्यासोबत राहायचे आहे. चेहरा कोणाचा लक्षात राहायला हवा?

किंबहुना या पहाटेने लोकशाहीवर केलेल्या उपकारांची नोंद कोणी घेतलेली नाही. 2022 च्या मार्चमध्ये मुंबई, पुणे आणि ठाणे या महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. त्यानंतर सलग तीन दिवाळ्या तरी या शहरांत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. एखाद्या परक्या माणसाला वाटले असते की इथले लोकप्रतिनिधित्व संपले. त्याने दिवाळीच्या पहाटे फेरफटका मारला असता तर त्याचा गैरसमज तत्काळ दूर झाला असता. ‘माजी’ आणि ‘भावी’ अशा दोन्ही प्रकारचे नगरसेवक फलकांवर हजर होते. वर्तमानकाळ तेवढा रिकामा होता, आणि तो तबला-पेटीने भरून काढला गेला. नळाला पाणी का येत नाही हे कोणाला विचारायचे, असा प्रश्न ज्यांना त्या काळात पडला, त्यांना निदान सकाळी सहाला कोणाचे भाषण ऐकायचे हे तरी नक्की ठाऊक होते.

त्याच 2022 साली शिवसेना फुटली आणि तलावपाळीवर दिवाळी पहाट कोणत्या गटाने करायची हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. या घटनेकडे आपण ठाणेकरांनी अभिमानाने पाहायला हवे होते. संगीतासाठी न्यायालयाची पायरी चढणारे राजकारणी जगात किती शहरांच्या वाट्याला येतात? घोडबंदर रस्त्यावरचे खड्डे, कचऱ्याचे डोंगर, लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसे हे विषय काही पळून जात नाहीत. नरक चतुर्दशी वर्षातून एकदाच येते. तातडी कशाला द्यायची याचे तारतम्य असणे यालाच नेतृत्व म्हणतात. तलावाकाठची ती जागा भैरवाला मिळणार की तोडीला, हा प्रश्न त्या वादात कुठेच नव्हता, हे खरे. पण सुरांच्या वादात न पडण्याचा समंजसपणा दोन्ही गटांनी दाखवला, असेही त्याकडे पाहता येईल.

आता कायद्याविषयी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला वर्षातून 15 दिवस सवलत देता येते, तीही मध्यरात्री 12 पर्यंतच. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सहाच्या आधी पहाट नसतेच. असते ती रात्र. आयोजक हा नियम तंतोतंत पाळतात. गाणे सहाच्या आधी सुरू होत नाही. साडेपाचला सुरू होते ती माइकची चाचणी. ‘हॅलो, हॅलो, चेक, वन, टू, थ्री’ हे शब्द अर्धा तास परिसरातल्या प्रत्येक शयनगृहात पोहोचतात आणि त्यांना कोणत्याही व्याख्येने संगीत म्हणता येत नाही, त्यामुळे कार्यक्रम वेळेआधी सुरू झाला असा आरोप टिकत नाही. शिवाय ज्यांना दिवाळीच्या दिवशी लवकर उठायचे होते पण उठवत नव्हते, त्यांची सोय होते. जे रात्रपाळी करून पाचला घरी आले असतील, त्यांनाही आपण सणाच्या आनंदातून वगळले गेलो असे वाटत नाही.

शास्त्रीय संगीतवाल्यांना अशी लवचीकता कधी साधली नाही. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव अनेक वर्षे रात्रभर चालत असे. उत्तररात्रीचे राग उत्तररात्री ऐकायला मिळत आणि शेवटच्या दिवशीची भैरवी ऐकून लोक उन्हात घरी जात. मग रात्रीच्या ध्वनिक्षेपकबंदीने तो महोत्सव घड्याळात बसवला. कानडा-मालकंसाच्या वेळा गेल्या, ललत तर उघड्यावर ऐकणेच मुश्कील झाले. नियम आला, म्हणून त्यांनी तो पाळला. इतक्या साध्या माणसांकडे शहराचे सांस्कृतिक नेतृत्व राहिले नाही, यात नवल ते काय?

आवाजाच्या पातळीबद्दलही बरेच गैरसमज आहेत. नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबल, व्यापारी भागासाठी 65, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत 50 अशी मर्यादा आहे. 55 डेसिबल म्हणजे दोन माणसांचे साधे बोलणे. एवढ्या आवाजात कार्यक्रम केला तर तो फक्त आलेल्यांनाच ऐकू येईल, आणि न आलेल्यांवर तो उघड अन्याय ठरेल. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. 10 वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, 30 वाढले की हजारपट. म्हणजे 65 वरून 95 वर गेलेला अभंग हजारपट भक्तिभावाने म्हटला जातो असे समजायला हरकत नाही. कानांच्या बाबतीत वैद्यकशास्त्र सांगते की 85 डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो आणि पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती पाव तासावर येते. मंचाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाचे कान दिवसभराचे काम सव्वासहालाच उरकतात. उरलेला दिवस त्यांना सुट्टी. दिवाळीत सुट्टी कोणाला नको असते? शिवाय श्रवणयंत्र विकणाऱ्या एखाद्या दुकानाला पुढल्या वर्षी प्रायोजकांत घेतले तर वर्तुळ पूर्ण होईल, अशी माझी नम्र सूचना आहे.

मात्र या सोहळ्याचा गाभा पाहायचा असेल तर सत्काराच्या वेळी जावे. तो नेमका केव्हा असतो हे सांगणे कठीण, कारण तो सगळा वेळ चालू असतो. दीपप्रज्वलनाला सात हात एका काडीवर असतात आणि वाऱ्याने ज्योत विझली की सातही जण पुन्हा वाकतात. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. आयोजक पाहुण्यांचा सत्कार करतात, पाहुणे आयोजकांचा, आणि शाली उरल्या तर वादकांचा. गायिका गायला बसते, डोळे मिटते, षड्ज लावते, तेवढ्यात निवेदिका कळवते की माननीय साहेबांचे नुकतेच आगमन झाले आहे, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या होतात. साहेब दोनच शब्द बोलतो म्हणतात आणि प्रास्ताविकातच मेट्रो, क्लस्टर योजना आणि विरोधकांची नीतिमत्ता यांना स्पर्श करतात. एवढ्या वेळात विलंबित ख्यालाची निम्मी बढत झाली असती अशी कुरकुर करणारे लोक हे विसरतात की ख्यालात एकाच ओळीची पुनरावृत्ती असते. साहेबांच्या भाषणातही ती असते आणि ती समजायला तालमीची गरज पडत नाही.

पहिल्या काही रांगा सोफ्यांच्या असतात. त्यांच्यापुढे दोर बांधलेला असतो आणि दोराशी छातीवर बिल्ला लावलेला एक तरुण उभा असतो. सोफ्यांवर सहसा कोणी नसते. मान्यवरांची अंघोळ, फराळ, दुसऱ्या प्रभागातली पहाट आटोपून ते यायचे असतात, आणि येऊन फोटो झाला की त्यांना तिसऱ्या प्रभागाकडे निघायचे असते. म्हणून ध्वनिव्यवस्था ज्यांच्यासाठी खास लावलेली असते, ते सोफे आवाजाचा सर्वोत्तम अनुभव घेत पहाटभर रिकामे बसतात. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यामागे उभे लोक, त्यामागे दुचाकीवर बसलेले लोक, त्यामागे वाहतुकीत अडकलेले लोक. समाजाची अशी स्वच्छ, वरून ड्रोनने टिपता येईल इतकी सुस्पष्ट मांडणी एखाद्या समाजशास्त्रज्ञालाही जमली नसती. सार्वजनिक रस्त्यावर खासगी रांगा कशा, हे विचारणाऱ्यांना बिल्ल्यावाला तरुण फार सौजन्याने सांगतो, ‘काका, वरून आदेश आहे.’ वरून म्हणजे कुठून हे कोणी विचारत नाही. दिवाळीत आकाशाकडे पाहिले तर आकाशकंदील दिसतो, आणि त्यावरही साहेबांचाच फोटो असतो.

प्रेक्षकांविषयी दोन शब्द चांगले लिहिले पाहिजेत. सहाला इस्त्रीचा झब्बा आणि नऊवारी, नथ, गजरा घालून येणे ही सोपी गोष्ट नाही. इतक्या तयारीने आलेल्या माणसाला पाठमोरे व्हावे लागते, कारण मंच फोटोत मागे यायला हवा. त्यामुळे गायिकेला समोर बहुतेक पाठी दिसतात, आणि तिने ते मनाला लावून घेऊ नये. फोटोत ती पुसट का होईना येते. जे समोर तोंड करून असतात ते मोबाइल उंच धरतात. एकाने गाणे टिपले तर पुरले असते असे कोणी म्हणेल, पण प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पुढच्या माणसाचा मोबाइल येतो, त्यात त्याच्या पुढच्याचा, आणि सगळ्यात पुढे, तांदळाएवढी, ती गायिका. ऐकण्याचे काम या रीतीने यंत्रांकडे सोपवल्यामुळे माणसे मोकळी होतात. घरी जाऊन कोणी ते परत लावून ऐकतो का, हा प्रश्न गैरलागू आहे. जपून ठेवणे म्हणजेच संस्कृती.

खरी अडचण होते ती ऐकणाऱ्याची. असा एखादा अजूनही येतो. बहुधा म्हातारा, स्वेटर, मफलर, हातात कापडी पिशवी. कडेच्या खुर्चीत डोळे मिटून बसतो आणि मांडीवर बोटाने मात्रा मोजतो. चालू सोहळ्यात डोळे मिटून स्वस्थ बसलेला माणूस दिसला की स्वयंसेवकांची धावपळ होते. कोणी पाणी आणतो, कोणी खांदा हलवून विचारतो, ‘आजोबा, बरं वाटतंय ना?’ ऐकतो आहे, असे त्यांनी सांगितल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. कार्यकर्त्यांची ही तत्परता वाखाणण्याजोगी आहे, आणि तिच्यामुळे असे म्हातारे हळूहळू कमी होत आहेत.

कलावंतांची बाजू मी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे, जशी ती कार्यक्रमपत्रिकेतही असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे तलावाकाठी दव असते. तबल्याची पुडी ओलाव्याने सैलावते, सूर उतरतो. ऊन पडले की तोच सूर चढतो. तबलजी बिचारा हातोडी घेऊन सतत ठोकत असतो. इतर कोठे या ठोकाठोकीने रसभंग झाला असता. इथे त्या वेळात निवेदिका टू बीएचकेच्या सवलतीची माहिती देते आणि वेळ सत्कारणी लागतो. गायकाला भैरव किंवा अहिरभैरव गायचा असतो. लोकांना नाट्यगीत हवे असते. नाट्यगीत सुरू झाले की अभंग हवा असतो. आणि मागून पोरांचा एक गट मंचाकडे चिठ्ठी पाठवतो, तिच्यावर ‘झिंगाट’ लिहिलेले असते. चिठ्ठी पोहोचवणारा तोच बिल्ल्यावाला तरुण असतो आणि ती विनंती असते की सूचना, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. मानधनाचे पाकीट अजून साहेबांच्या स्वीय सहायकाकडे आहे, हे मात्र गायकाला कळलेले असते.

लोकप्रिय गायकांना एका सकाळी दोन पहाटा कराव्या लागतात. पहिली सहाला तलावाकाठी, दुसरी साडेनऊला दुसऱ्या टोकाच्या मैदानावर. साडेनऊच्या पहाटेला डोक्यावर ऊन असते, पण फलकावर पहाट लिहिले आहे म्हटल्यावर ती पहाटच. आपल्या पूर्वजांनी रागांना प्रहर बांधून दिले, सूर्य कुठे आहे ते पाहून गाणे बदलायला लावले. आमच्या आयोजकांनी सूर्यालाच वेळापत्रकात घेतले आणि त्याला निमंत्रितांच्या यादीत फार वरचे स्थान दिलेले नाही.

सगळे संपते दहा-साडेदहाला. लोक फराळाच्या कागदी बशा, पाण्याच्या बाटल्या, पक्षाचे बिल्ले आणि चुरगळलेली झेंडूची फुले जागच्या जागी ठेवून घरी जातात. मग सफाई कामगार येतात. त्यांतले बरेच ठेकेदाराकडचे, आणि तेही दिवाळीच्या दिवशी. त्यांच्या घरची पहाट कधी झाली हे विचारायला मंचावर कोणी उरलेले नसते, माइकही गुंडाळलेला असतो. तरी एकही स्पीकर, एकही सोफा, एकही शाल त्यांच्यासाठी मागे राहत नाही, यावरून आयोजकांची आवराआवर किती चोख असते ते दिसते. या कामगारांचा सत्कार व्हायला हवा, असे दरवर्षी एखादा वक्ता म्हणतो आणि त्याला त्या वाक्यावर हमखास टाळी मिळते.

तक्रारखोर लोक प्रत्येक शहरात असतातच. कोणी म्हणतो, रुग्णवाहिका अडकली. अडकते, पण ज्या वाटेत दोन्ही बाजूंनी अभंग वाजत आहेत, तिथे अडकण्याचे भाग्य सगळ्या रुग्णांना लाभत नाही. कोणी म्हणतो, रस्त्याकडेच्या इमारतीत बाळंतीण आहे, कोणी म्हणतो वडील आजारी आहेत. अशा घरांची खिडकी बंद केली तरी गाणे आत येते, म्हणजे त्यांना घरबसल्या सेवा मिळते. तिच्यासाठी इतरांना नटूनथटून रस्त्यावर यावे लागते. कोणी म्हणतो, या खर्चात शहरातल्या एखाद्या शाळेत दोन वर्षे संगीताचा शिक्षक ठेवता आला असता. हा विचार मात्र धोक्याचा आहे. मुलांना सूर कळू लागले तर मोठेपणी ती गाणे ऐकायला येतील, ऐकताना गप्प बसतील, आणि मध्येच कोणी भाषण करू लागला तर मागे वळून पाहतील. आज जो सलोखा मंच आणि मैदान यांच्यात आहे, तो तेव्हा राहणार नाही.

सुधारणेला जागा आहे, हे मी नाकारत नाही. तीन-चार तासांच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष गाणे अजूनही बरीच मिनिटे चालते आणि त्या वेळात मान्यवरांना मंचावर काही करता येत नाही. काही पुरोगामी मंडळांनी डीजे आणून हा प्रश्न सोडवला आहे. डीजे थांबवायला नुसते बटण दाबावे लागते, षड्ज मोडत नाही, कोणी रुसत नाही, दव पडले तरी सूर उतरत नाही. गायकांचा पासपोर्ट आकाराचा फोटो फलकावरून काढला तर तिथे आणखी तीन कार्यकर्ते बसतील. पुढल्या वर्षी महापालिकेकडे अर्ज करताना ‘संगीताचा कार्यक्रम’ याऐवजी नुसते ‘कार्यक्रम’ लिहिले तर कागदोपत्रीही सचोटी राहील.

तोवर ज्या नागरिकांना या वर्षी जायचे आहे, त्यांनी पाचला घरातून निघावे, गाडी आणू नये, कानात कापूस घालावा पण तो दिसू देऊ नये. पुढे बसायचे असेल तर आदल्या रात्रीच मैदानात जाऊन खुर्चीवर रुमाल टाकून ठेवावा. पहाटे रुमाल नक्की मिळतो. खुर्ची तेवढी दोराच्या पलीकडे गेलेली असते.